डफावरचा हात कुणाचा?

यंदाच्या फेब्रुवारीत माझा एक विद्यार्थी पोवाडा म्हणायला उभा राहिला. नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिवजयंतीनिमित्त शाळांची स्पर्धा होती. पोरगा नववीतला. वडिलांचं पंक्चरचं दुकान. घरात दखनी, शाळेत उर्दू, गल्लीत मराठी. डफ उसना आणलेला, फेटा शेजारच्या काकांनी बांधून दिलेला. त्यानं पोवाडा चांगला म्हटला. मी त्याचा सर आहे म्हणून सांगत नाही. मागं बसलेली दुसऱ्या शाळेची पोरंसुद्धा 'जी जी'ला साथ देऊ लागली होती. दुसरा नंबर आला. बक्षीस देताना परीक्षक प्रेमानं म्हणाले, "शाब्बास बेटा! मुसलमान असूनही उच्चार किती स्वच्छ!"

येताना जीपमध्ये पोरगा गप्प. मग म्हणाला, "सर, वो 'असूनही' कायकू बोले?"

मराठीच्या तासाला मी अव्यय शिकवतो. 'असूनही' वापरून वाक्य करा, असं फळ्यावर लिहितो. गरीब असूनही तो प्रामाणिक होता. पाऊस असूनही मुले आली. म्हणजे पहिली गोष्ट दुसरीच्या आड येणारी आहे, हे आधी मान्य करूनच हा शब्द वापरायचा असतो. पोराला व्याकरण कळलं होतं. उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातले एक बुजुर्ग चाचा भेटले. त्यांच्या कानावर बातमी गेलीच होती. म्हणाले, "मास्टर, पोवाडा अपना कां है? बच्चेकू नात सिखाव." एक म्हणतो, आमचं असूनही तुला जमलं. दुसरा म्हणतो, आपलं नसताना तू कशाला शिकलास? पोवाडा पोराचा नाही, यावर दोघांचं एकमत.

म्हणून हे लिहायला घेतलं. एखाद्या समाजाचं गाणं त्या समाजाबाहेरच्या माणसाला खरं वाटेल असं गाता येतं का? आणि बाहेरचा कोण, हे ठरवतो कोण?

आधी चाचांच्या म्हणण्याकडे बघू. 'शाहीर' हा शब्द आला कुठून? अरबीतला 'शाइर' उर्दूत 'शायर' झाला आणि मराठीत 'शाहीर'. 'डफ' हाही अरबीच, दफ. पोवाडा शब्द संस्कृतातल्या 'प्रवाद'शी जोडतात. म्हणजे म्हणणाऱ्याचं नाव एकीकडचं, म्हणण्याचं नाव दुसरीकडचं. शाहिराच्या मागं उभं राहून ओळीचं शेपूट उचलणाऱ्या झीलकऱ्याच्या हातातलं तुणतुणं मात्र नावासकट इथल्याच मातीचं. हे सगळं एका फडात कधी एकत्र आलं, त्याची तारीख कुणी लिहून ठेवलेली नाही. शब्दांवरून मालकी सिद्ध होत नाही, हे मलाही माहीत आहे; नाहीतर 'टेबल' म्हणणारा प्रत्येकजण इंग्रज ठरेल. पण 'अपना कां है' म्हणण्याआधी एवढं तरी बघायला हवं.

आता माणसं बघू. पेशवाईच्या उतारकाळात जे लावणीकार गाजले त्यांत सगनभाऊ होता. जेजुरीचा, मुसलमान, धंद्यानं शिकलगार. तलवारी-सुऱ्यांना धार लावणाऱ्या घरातला. त्याची स्पर्धा होती होनाजी-बाळाच्या फडाशी. होनाजी गवळी, बाळा शिंपी. मराठी साहित्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी सगनभाऊला शाहिरांच्या रांगेत बसवलं ते रामजोशी, प्रभाकर, अनंत फंदी, परशराम यांच्या बरोबरीनं. रामजोशी आणि प्रभाकर ब्राह्मण, परशराम शिंपी. त्या काळच्या श्रोत्यानं फडात जातपात पाहिली नसेल असं मी म्हणणार नाही. पेशवाईत तसं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण रात्रभर चालणाऱ्या सवाल-जबाबात टिकायचं तर लावणी रचता यावी लागे, आणि समोरच्या फडानं टाकलेलं कोडं जागच्या जागी सोडवावं लागे. तिथं 'असूनही' कामाला येत नसे. हरलात की हरलात.

शिकलगारांची एक गंमत सांगून पुढं जातो. तिकडं मिरजेत तंबोरे-सतारी बनवणारी जी घराणी आहेत, त्यांचे पूर्वज हत्यारं बनवणारे शिकलगारच. 19व्या शतकात लढाया संपल्या, तलवारीला गिऱ्हाईक राहिलं नाही, तेव्हा फरीदसाहेबांनी वाद्यांच्या कामात हात घातला, आणि पुढं तो अख्ख्या मोहल्ल्याचा धंदा झाला. तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या खोऱ्यातून. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मैफलीत मागं तो तंबोरा झंकारतो तेव्हा 'मुसलमान असूनही किती सुरात लावलाय' असं म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही.

त्याच मिरजेत उस्ताद अब्दुल करीम खाँ राहिले. गाव कैराना, तिकडं उत्तरेत, म्हणून किराना घराणं. ते मराठी मुलखाचे नव्हतेच, खऱ्या अर्थानं बाहेरचे. तरी मराठी नाट्यपदं गायले, आणि दक्षिणेत जाऊन त्यागराजांच्या कृती शिकून त्यांच्या तबकड्याही काढल्या. 1937 मध्ये दक्षिणेतल्याच प्रवासात, एका रेल्वे स्टेशनावर त्यांचं निधन झालं आणि मिरजेच्या दर्ग्यात त्यांना आणलं. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ. सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी.

इथं थोडं थांबतो, कारण माझ्या मते सगळ्या वादातलं सर्वात ठोस उदाहरण हे आहे. भीमसेन जोशी गदगचे. मातृभाषा कन्नड. गायकी कैरान्याच्या खाँसाहेबांची. आणि आषाढीच्या पहाटे महाराष्ट्रात घराघरांत वाजतात ते तुकोबा-नामदेवांचे अभंग त्यांच्या आवाजातले. वारकरी ज्या पद्धतीनं टाळ-पखवाजावर अभंग म्हणतात ती चाल वेगळी. तिच्यात वीस-पंचवीस माणसांचा श्वास एक असतो. भीमसेनांचा अभंग एका गवयाचा आहे, त्यात ताना आहेत, फिरत आहे. जुन्या वारकऱ्यांना ते रुचलंच असेल असं नाही. तरी आज अस्सल मराठी काय, असं विचारलं तर लोक हेच नाव घेतात. कन्नड असूनही? शक्यच नाही. हा शब्द त्यांच्यासाठी कुणाच्या ओठांवर येत नाही, आणि येऊ नयेच. मला फक्त एवढंच दिसतं, की माझ्या पोराचं घर त्या स्पर्धेच्या मंडपापासून अठरा किलोमीटरवर होतं आणि गदग कितीतरी लांब आहे.

नांदेडला राहणाऱ्याला तर हा प्रश्न रोज दारात दिसतो. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांचं निधन इथं झालं. सचखंड गुरुद्वाऱ्यात रोज कीर्तन चालतं. ज्या ग्रंथातलं ते कीर्तन, त्यात नामदेवांची 61 पदं आहेत, आणि नामदेवांचं नरसी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. त्याच ग्रंथात शेख फरीद आहेत. आणि कीर्तनाची पहिली साथ कुणाची? भाई मरदानांची. ते मुसलमान, मिरासी समाजातले, गुरू नानकांपेक्षा दहा वर्षांनी मोठे. नानक पद म्हणत आणि मरदाना रबाब वाजवत. मरदानांमागून रबाबींची परंपराच उभी राहिली. मुसलमान घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गुरुबाणी गायली, अमृतसरच्या दरबारात गायली. 1947 ला यांतले बहुतेक सरहद्दीपलीकडं गेले आणि साखळी तुटली. 1946 मध्ये जो गायक होता, तो दोन वर्षांनी परका झाला. त्याचा रबाब तोच, राग तेच, गळा तोच. बदलली फक्त तारीख.

आता मला माझी एक चूक सांगितली पाहिजे, नाहीतर हे लिखाण एकतर्फी होईल.

चार-पाच वर्षांपूर्वी लातूरला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. रात्री जेवणानंतर गाणी सुरू झाली. गणिताचे एक सर, घरात भजनाची परंपरा असलेले, त्यांनी कव्वाली म्हटली. पाठ चांगलं होतं, आवाज खडा होता. संपल्यावर सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, जणू मी कव्वालीचा मामलेदार. मी मान डोलवत म्हणालो, "अच्छा है सर, मगर कव्वाली का मिज़ाज नहीं आया." त्यांनी सरळ विचारलं, "कुठं कमी पडलं, सांगा की. दुरुस्त करतो."

मला सांगता आलं नाही. कारण मी नीट ऐकलंच नव्हतं. त्यांच्या कपाळावरचा टिळा पाहिला आणि निकाल दिला. परीक्षकांनी माझ्या विद्यार्थ्याचं जे केलं तेच मी त्यांचं केलं, आणि माझ्या शब्दांत तर शाबासकीही नव्हती. परीक्षकांवर रागवायचा हक्क मला किती, हे तुम्हीच ठरवा.

नंतर विचार केल्यावर चूक सापडली, ती अगदी साधी होती. टाळी. भजनात टाळ जिथं पडतो तिथं ते टाळी देत होते. कव्वालीत टाळी ओळीला पुढं ढकलते. मुख्य कव्वाल एखाद्या शब्दावर अडून राहतो, तोच तो पुन्हा घेतो, तेव्हा मागच्यांच्या टाळ्या त्याला ढळू देत नाहीत. हे दर्ग्यात बसून कळतं. आमच्या कंधारला हाजी सय्याह सरवर मखदूम यांच्या उरुसात चार रात्री बसलेल्या माणसाला ते कुणी न शिकवता कळतं, मग तो कोणत्याही घरातला असो. आणि तिथं कधीच न बसलेल्या शेख-सय्यदाला नाही कळत. सिनेमातली कव्वाली आठवा. गळ्यात रुमाल, जाळीची टोपी, सुरम्याचे डोळे. अवतार सगळा आमचा, टाळी कुणाचीच नाही.

पुण्यात शिकणारा माझा भाचा गिटार वाजवतो. त्याच्याशी हे बोलत होतो तेव्हा त्यानं मला जमैकाचं रेगे ऐकवलं. म्हणाला, "मामू, तिकडंही हाच झगडा आहे." चार मात्रांत पहिली मात्रा मोकळी सोडतात, ढोलाचा ठोका तिसरीवर पडतो, आणि गिटार दुसरी-चौथीला टोचून मागं सरते. आपला कान पहिल्या मात्रेला, समेला, चिकटलेला. तिथंच ती माणसं काही वाजवत नाहीत. भाच्यानं वाजवून दाखवलं. त्याचा हात दर वेळी पहिल्या मात्रेवर पडायचा. "हीच तर गडबड होते," म्हणाला.

इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचं 'यूबी फॉर्टी' हे बँड 1978 चं. नाव बेकारभत्त्याच्या फॉर्मवरून. त्यात गोरे होते, कॅरिबियन वंशाचे होते, एक यमनी वंशाचाही. ज्या गल्ल्यांत ते वाढले तिथं जमैकाहून आलेली कुटुंबं राहत, रेगे भिंतीपलीकडून ऐकू येई. त्यांनी जुन्या रेगे गाण्यांच्या आवृत्त्या काढल्या आणि त्या जगभर खपल्या. ते बनावट वाजवतात असं मला वाटत नाही. पण ज्यांनी ती गाणी आधी गायली त्यांच्यापेक्षा नाव आणि पैसा यांच्याकडं जास्त गेला, ही तक्रार मात्र खरी आहे, आणि ती गळ्याबद्दलची तक्रार नाही. या दोन तक्रारी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. आणि 'आतलं' तरी किती सरळ असतं? बॉब मार्लीची पहिली तबकडी 1962 मध्ये किंग्स्टनला काढली ती लेस्ली काँग या चिनी वंशाच्या दुकानदारानं.

पैशाची ही तक्रार आपल्या शाहिरीला तशी लागू पडत नाही. शाहिरीत पैसा होताच कुठं? अमर शेखांकडं पाहा. जन्म 1916, बार्शीचा. मूळ नाव महबूब हुसेन पटेल. बार्शी आम्हा लातूरकडच्यांना परकी नाही. बार्शी लाइटची छोटी गाडी लातूरपर्यंत धावायची. आमच्या आजोबांच्या गप्पांत ती गाडी अजून धावते. अमर शेखांच्या आई मुनेरबी. जात्यावरच्या ओव्या त्यांना पाठ, आणि पोराच्या कानावर पहिलं गाणं पडलं ते तेच. त्यांनी मोटारीवर क्लीनरचं काम केलं, गिरणीत राबले, कामगारांच्या लढ्यात उतरले. 1944 मध्ये अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं केलं. एक मुसलमान आणि एक मातंग, आणि समोर गिरणगावातले घाटावरचे, कोकणातले कामगार. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात सभा जमवायला आधी अमर शेखांचा आवाज लागायचा. हजारोंच्या सभेला लांबपर्यंत पोचणारा तो आवाज होता. 1969 मध्ये अपघातात गेले.

माझा प्रश्न असा. जात्यावर मराठी ओवी म्हणणाऱ्या मुनेरबींचा मुलगा शाहिरीत बाहेरून आला असं म्हणायचं का? मला तर तसं म्हणता येत नाही. त्याला 'आम्हीही यात आहोत' असा पुरावा द्यावा लागला नाही, कारण तो आधीपासून आतच होता. आपले लेखकही कधीकधी सगनभाऊ, अमर शेख यांची नावं हजेरीसारखी घेतात: बघा, आमचंही योगदान आहे. मीही वरती थोडं तेच केलं. पण योगदान पाहुणा देतो. घरातला माणूस काम करतो, भांडतो, कधी बिघडवतोही.

खरा बाहेरून येण्याचा मामला बघायचा असेल तर मराठी गझल बघा. उर्दूचा शिक्षक म्हणून हा माझ्या रोजच्या कामाचा विषय. माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, फारसीचे प्राध्यापक. 1925 मध्ये त्यांनी फार्शी-मराठी कोश केला, 1933 मध्ये 'गज्जलांजलि' काढली. फारसीतून गझल मराठीत आणणारा हाच माणूस पुढं भाषाशुद्धीच्या चळवळीत उतरला आणि मराठीतून फारसी-अरबी शब्द काढा म्हणू लागला. घरात पाहुणा आणायचा आणि त्याचं सामान बाहेर ठेवायचं! तरी त्यांचा कोश मी अजून वापरतो.

गझल मराठीत खऱ्या अर्थानं रुजली ती अमरावतीच्या सुरेश भटांमुळे. त्यांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली आणि नव्या लिहिणाऱ्यांना वाटली. मतला काय, काफिया काय, रदीफ काय, अलामत काय. आलेल्या पोरांच्या गझला ते दुरुस्त करून देत. उर्दूत याला एक सुंदर शब्द आहे, इस्लाह. शागिर्द शेर दाखवतो, उस्ताद एक शब्द हलवतो. माझे उर्दूवाले दोस्त म्हणतात, मराठी गझल म्हणजे गझलेचा फक्त सांगाडा. मी त्यांना एक गोष्ट दाखवतो. उर्दूत 'मेरा', 'तेरा' यांतला दीर्घ स्वर बहरीच्या सोयीनं आखूड करायची मुभा आहे. मराठी गझलकार लघु-गुरू जसा लिहिला तसाच मोजतो. म्हणजे आपल्या शायरांना जी सवलत आहे ती नाकारून ही माणसं लिहितात. त्यानं मराठी गझलेला एक ताठरपणा येतो, हे मान्य. पण ती ढिलाई नक्कीच नव्हे.

आणि त्या दोस्तांना मी हेही सांगतो की लखनौ-दिल्लीवाला आपल्या उर्दूला काय म्हणतो ते आठवा. आपण दखनी लोक 'क़'चा 'ख़' करतो. आमच्या तोंडी कव्वाली 'ख़व्वाली' होते. उच्चारावरून परका ठरवायचं म्हटलं तर पहिला नंबर आमचाच. निजामाच्या काळात लातूर-नांदेडकडची हिंदू मुलं शाळेत उर्दू शिकत, आणि त्यांतल्या काहींची उर्दू आमच्याहून साफ होती. निलंग्याला जन्मलेले सेतु माधवराव पगडी हे त्यांतलं मोठं नाव. उर्दू शायरी मराठी वाचकाला त्यांनी समजावून दिली, आणि ते करताना 'हिंदू असूनही' असं त्यांना म्हणायची हिंमत कुणी केली नसती.

त्या गणिताच्या सरांना मी नंतर फोन केला. टाळीचं सांगितलं. ते हसले, म्हणाले, "एवढंच होय? मग तेव्हाच सांगायचं ना." यंदाच्या उरुसाला ते कंधारला यायचे आहेत.

विद्यार्थ्याला घेऊन मी लोह्याकडच्या एका म्हाताऱ्या शाहिरांकडं गेलो. माळेगावच्या जत्रेत त्यांनी कितीतरी वर्षं डफ वाजवलेला. अंगणात बाजेवर बसून त्यांनी पोराचा पोवाडा पूर्ण ऐकला. नाव विचारलं नाही, गाव विचारलं. मग म्हणाले, "बाळा, तुझा डफ शब्दाच्या आधी पोचतोय. शब्द पडू दे, मग हाण. आणि 'जी जी' तू स्वतः कशाला म्हणतोस? झीलकरी कुठंयत तुझे?"

पोरानं मोहल्ल्यातले दोन आणि वाड्यातला एक, असे तिघं गोळा केले आहेत. त्यातल्या एकाचा आवाज फुटतोय, त्यामुळं सध्या रोज संध्याकाळी पंक्चरच्या दुकानामागं फार वाईट आवाज येतात. चाचा म्हणतात, "मास्टर, कम से कम दरवाज़ा तो बंद करने कू बोलो."